बसमध्ये जीव घाबरा होणं, चिंतेचा आजार आणि त्यावरचे उपचार (खान्देशकरांनी आपले अनुभव लिहावेत)

तापीकाठ (यावल तालुका)

दोन वर्षं हे लिहायचं टाळत होतो. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एका सहकारी शिक्षकाने हळूच विचारलं, "सर, तुम्हाला मागे ते काय झालं होतं? माझ्या भावाला तसंच होतंय. तीनदा ईसीजी काढला, काही निघत नाही." त्याच्याशी तासभर बोललो आणि घरी येऊन ठरवलं की सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ३९. मे महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी फैजपूरहून भुसावळला निघालो होतो. एसटी खचाखच भरलेली, ऊन मी म्हणत होतं. तापीच्या पुलावर पुढे एक ट्रक बंद पडला आणि बस जागच्या जागी थांबली. पाचेक मिनिटं झाली असतील. आधी मानेमागून गरम लाट वर चढली. मग छाती अशी धडधडायला लागली की खिशाला लावलेला पेन हलताना दिसत होता. श्वास घेतोय पण पुरत नाही. ओठांभोवती बधिरपणा, हाताची बोटं मुंग्या येऊन आत वळायला लागली. डोक्यात एकच, अटॅक आला, आपण गेलो, पोरगी अजून पहिलीत आहे. एका बाईने बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. कंडक्टरने दार उघडून पायरीवर बसवलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मं ओसरलं होतं. ईसीजी नॉर्मल. ऊन लागलं, गॅस झाला, असं सांगून एक सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. मीही तेच धरून चाललो. पंधरा दिवसांनी भर बाजारात परत तेच झालं. तिथे ना पूल होता, ना बस.

पुढच्या चार महिन्यांत सहा ईसीजी, दोन टूडी इको, एक स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. सगळं नॉर्मल. ईसीजीच्या त्या गुलाबी पट्ट्या मी मुलीच्या जुन्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवायचो आणि रात्री सगळे झोपले की दिव्याखाली एकमेकींशेजारी लावून बघायचो, मागच्यापेक्षा यात काही वेगळं दिसतंय का. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रिपोर्ट चांगला आला की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी शंका यायची, मशीनच बिघडलेलं असेल तर?

या काळात मी काय काय सोडलं ते बघा. आधी भुसावळची बस. मग कुठलीच बस नाही. मग आठवडी बाजार, मग लग्नाच्या पंगती, शेवटी शाळेतला परिपाठ, कारण सगळ्यांसमोर पडलो तर? बायको सगळीकडे सोबत. खिशात सॉर्बिट्रेटची (हृदयाची कळ आली की जिभेखाली ठेवायची) गोळी, हातात पाण्याची बाटली, बसायचं ते दारापाशी. घरच्यांनी कुलदेवीला नेलं, नजर उतरवली. त्यांचा जीव तुटत होता, मी त्यांना दोष देत नाही.

शेवटी एका फिजिशियनने माझी फाइल बंद करून बाजूला ठेवली आणि विचारलं, "सर, आजकाल तुम्ही काय काय करायचं सोडलंय?" एवढे डॉक्टर झाले, हे कोणी विचारलं नव्हतं. यादी सांगता सांगता मला रडू आलं. ते म्हणाले, "तुमचं हृदय ठणठणीत आहे. पण तुम्हाला काही झालेलं नाही, असं मी म्हणणार नाही. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात आणि तो बरा होतो."

जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. सर्ट्रालिन सुरू झालं, आधी २५, मग ५० मिलिग्रॅम. पहिले आठ-दहा दिवस मळमळलं आणि अस्वस्थपणा उलट वाढला. हे होईल असं त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकलो, नाहीतर गोळ्या फेकून दिल्या असत्या. फरक कळायला महिना लागला.

त्यांनीच एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, एक मिनिट माझ्यासोबत भरभर श्वास घ्या. चाळीस सेकंदांत तेच सगळं! ओठ बधिर, बोटांत मुंग्या, डोकं हलकं. खुर्चीत बसल्या बसल्या, पंख्याखाली, पुलापासून पन्नास किलोमीटर लांब. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ज्याला चार महिने मरण समजत होतो ते मी एका मिनिटात स्वतः तयार केलं होतं, आणि तीन मिनिटांत ते गेलंही.

मग वही आली. हजेरीपत्रकासारखे रकाने आखले आणि भीतीला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. स्टँडवर वीस मिनिटं नुसतं बसणं, ३०. उभ्या बसमध्ये चढून बसणं, ४५. पुढच्या थांब्यापर्यंत जाणं, ५५. तापीचा पूल एकट्याने, दारापासून लांबच्या सीटवर, खिशात गोळी न ठेवता, ९५. नियम एकच होता. भीती चढलेली असताना उतरायचं नाही, ती ओसरेपर्यंत बसून राहायचं. एका पायरीवर गुण निम्म्यावर आले की पुढची पायरी.

पुलावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरच्या सीटचा दांडा इतका घट्ट धरला होता की तळव्यावर वळ उठले. वहीत ९५ लिहिलंय. उतरलो नाही. भुसावळ स्टँडला पोचलो तेव्हा ५०. चहा घेतला, परतीची बस पकडली, परत तोच पूल, ८०. आठवड्यातून तीनदा जायचो. नवव्या की दहाव्या फेरीला लक्षात आलं की आज मी खिडकीबाहेर बघतोय. पात्रात म्हशी डुंबत होत्या. त्या दिवशी पोचल्यावर घरी फोन करायचाच राहिला आणि बायको तिकडे काळजीत.

मी दर वेळी उतरून माघारी आलो आणि दर वेळी आजार एक गाव पुढे सरकला, हे मला त्या वहीतून कळलं. इथे कोणाला असा त्रास असेल, घरात कोणाला असेल, तर लिहा. नाव लिहायची गरज नाही.

---

केळीबाग (रावेर)

सर, वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासूबाईंना पॅनिक वगैरे नव्हतं, पण सहा-सात वर्षं "कमजोरी" होती. हातपाय जळजळणं, मान आखडलेली, रात्री दोनला जाग येऊन मग लख्ख उजाडेपर्यंत पडून राहणं. दर महिन्याला गावात सलाईन लावून यायच्या, लाल इंजेक्शन घातलेलं. दोन दिवस बरं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी आल्या की घर भरतं, सगळ्या झोक्यावर, आणि या मात्र आत बसून हिशोब लावायच्या, कोणाची गाडी किती वाजता निघाली, अजून फोन का नाही आला. सुरतच्या दिरांनी फोन उचलला नाही की अपघातच झाला असणार. आम्ही म्हणायचो, आईंचा स्वभावच काळजीचा. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काळजी थांबवायची ठरवली तर थांबते का?" त्या म्हणाल्या, "थांबती तर मी झोपले नसते का बाबा?" त्यांना जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर सांगितलं. गोळीने दीड महिन्यात झोप परत आली. गेल्या आखाजीला त्यांनी स्वतः पुरणाचा घाट घातला.

---

मनोविकार_ओपीडी (धुळे)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तापीकाठ सरांनी बोटं वळण्याचं लिहिलंय, त्याचं कारण सांगतो, कारण हे समजलं की रुग्णाची बरीचशी धास्ती तिथेच कमी होते.

धोका वाटला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग इशारा देतो, ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय पळायला लागतं, श्वास भरभर होतो. पिकात पाणी भरताना पायाशी साप दिसला तर माणूस विचार करायच्या आत बाजूला उडी मारतो, ती याच यंत्रणेमुळे. बसमध्ये साप नाही आणि पळायला जागाही नाही, पण श्वास मात्र पळणाऱ्या माणसाचा चालू राहतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका खाली जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून चक्कर, रक्तातल्या कॅल्शियमचा तोल तेवढ्यापुरता बिघडतो म्हणून मुंग्या आणि बोटं वळणं. श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा प्राणवायू कमी पडलेला नसतोच. अशा वेळी तोंडाला पिशवी लावून श्वास घ्यायला सांगतात, ते करू नका. दम्याचा किंवा हृदयाचा खरा झटका असेल तर ते जिवावर बेतू शकतं. सावकाश श्वास सोडणं पुरे, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा.

पॅनिक अटॅक साधारण १० मिनिटांत शिखरावर जातो आणि मग ओसरतो. तो पुन्हा पुन्हा येण्याचं कारण १९८६ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी मांडलं. छातीत थोडं धडधडलं, त्याचा अर्थ "अटॅक" असा लावला, त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली. हे चक्र तोडायचं तर अर्थ बदलावा लागतो, आणि तो नुसतं समजावून बदलत नाही. मॅडमनी भरभर श्वास घ्यायला लावला तो यासाठी. वहीसुद्धा यासाठीच. या पद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात, सीबीटी.

एक गोष्ट कळकळीची. पहिल्यांदा छातीत दुखलं, दम लागला तर "टेन्शन असेल" म्हणत घरी बसू नका. वय चाळिशीपुढे, साखर किंवा बीपी, तंबाखू, चालताना वाढणारी कळ, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी कळ, यांत हृदयाची तपासणी आधी. थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांनीही धडधड होते. या तपासण्या एकदा नीट करायच्या. सातव्यांदा करायच्या नाहीत.

केळीबाग ताई, तुमच्या सासूबाईंचं निदान कसं करतात तेही सांगतो. कशाची ना कशाची काळजी, बहुतेक दिवस, किमान सहा महिने, आवरता न येणारी, आणि सोबत थकवा, स्नायू ताठ होणं, झोप उडणं, चिडचिड. आमच्या ओपीडीत बायका "मला काळजी वाटते" असं सहसा म्हणतच नाहीत. अंग जळतं, जीव घाबरतो, कमजोरी आहे, असंच म्हणतात. खेड्यात सलाईनवर किती पैसा गेलाय याचा हिशोब नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०१९ साली जगात ३० कोटींवर लोकांना चिंतेचा कुठला ना कुठला आजार होता. बायकांत प्रमाण जास्त. तेव्हा आपल्यालाच झालं, आपण कमकुवत, असं कोणी समजू नये.

---

दालमिल_गल्ली (जळगाव)

डॉक्टर साहेब, मला विचारायचंय. मी चार वर्षांपासून रोज रात्री अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅमची गोळी घेतो. सुरुवातीला एका डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी दिली होती. जादूसारखी लागू पडली. मग चिठ्ठी दाखवत राहिलो, मिळत राहिली. आता अर्ध्या तासात यायची ती झोप येत नाही, दीड-दोन गोळ्या लागतात. नवरात्रात उपवासासोबत हीसुद्धा सोडू म्हणून एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घामाने गादी ओली, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सहन होईना. परत घेतली. मी व्यसनी झालोय का? घरी कोणाला सांगितलेलं नाही.

---

मनोविकार_ओपीडी (धुळे)

दादा, आधी हे ऐका. एकदम बंद करू नका, परत कधीच नाही. या गटातल्या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते.

तुमच्या शरीराला गोळीची सवय झाली आहे. दिल्या तशा घेत राहणाऱ्या कोणालाही हे होतं, यात चारित्र्याचा प्रश्न नाही. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या तासाभरात भीती दाबतात, म्हणूनच त्या फसव्या आहेत. दोन-चार आठवड्यांपुरत्या, दुसरं औषध लागू पडेपर्यंत, त्यांचा उपयोग होतो. वर्षानुवर्षं नाही. दारूसोबत तर अजिबात नाही, श्वास मंदावतो.

सुटका आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन वेळापत्रक करून घ्या. दर दोन-चार आठवड्यांनी थोडी थोडी कमी, कधी कधी आधी त्याच गटातल्या जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर नेऊन. काही महिने लागतील. मुळातल्या चिंतेसाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन यांपैकी एखादं औषध सुरू होईल. ही औषधं नशा देत नाहीत, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. लागू पडायला दोन ते सहा आठवडे. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि नंतर हळूहळू उतरवतात. पंचविशीच्या आतल्या मुलांना सुरू केली तर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

आणि घरी सांगा. निदान एका माणसाला.

---

औषधीवाला (चोपडा)

मी केमिस्ट आहे. अल्प्राझोलम शेड्यूल एच वन मध्ये येतं, मार्च २०१४ पासून. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा मागणारे रोज येतात, नाही म्हटलं की भांडतात. दालमिल_गल्ली भाऊंचं वाचलं आणि वाटलं, नाही म्हणताना मी पुढचं एक वाक्य बोलायला हवं होतं, की या गोळीसाठी डॉक्टरला परत भेटा. उद्यापासून बोलेन.

---

नाना_अमळनेर

मी ७१ वर्षांचा आहे. माफ करा, पण मला हे पटत नाही. आमच्या वेळी दिवसभर शेतात राबायचो, रात्री पाठ टेकली की झोप. हे मोबाइल, बाहेरचं खाणं, एकट्याने राहणं यातून आलेलं आहे. पहाटे उठून प्राणायाम, नामस्मरण, थोडी कष्टाची कामं, आणि भाकरी. गोळ्यांच्या नादी मुलांना लावू नये असं माझं मनापासून मत आहे.

---

मनोविकार_ओपीडी (धुळे)

नाना, नमस्कार. संथ श्वसन, व्यायाम, वेळेवर झोप यांचा चिंतेवर चांगला उपयोग होतो, मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. त्यासोबत चहा-कॉफी कमी करायलाही सांगतो. त्रास सौम्य असेल तर कधी कधी तेवढ्यावर भागतं. फक्त एक काळजी घ्यावी, पॅनिकच्या रुग्णाने सुरुवातीलाच जोरजोराने भस्त्रिका किंवा कपालभाती करू नये. भरभर श्वासाने त्याच मुंग्या, तीच चक्कर येते आणि माणूस आणखी घाबरतो. अनुलोम-विलोम संथपणे केलेला बरा.

पण बाजारात जाणंच बंद झालंय, नोकरी जायची वेळ आलीय, अशा माणसाला नुसतं पहाटे उठ म्हणणं पुरत नाही.

---

शिरपूरची_पोर (सध्या पुणे)

मी बारावीपर्यंत शिरपूर तालुक्यात शिकले, घरी अहिराणीच. पुण्यात इंजिनिअरिंगला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उत्तर देताना "नही" निघालं तोंडातून आणि मागे कोणीतरी हसलं. त्यानंतर मी बोलणं बंद केलं. अगदी बंद. मेसमध्ये एकटी जेवायला लागू नये म्हणून खोलीत बिस्किटं खायचे. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात तीनदा घोकायचे, तोपर्यंत विषय पुढे गेलेला. आईला सांगितलं तर म्हणायची, "लाजाळू शे तू लहानपनपासून, व्हई जाई ठीक."

कॉलेजच्या समुपदेशकांनी पुढे पाठवलं तेव्हा सोशल अँग्झायटी डिसऑर्डर हे नाव कळलं. लाजरेपणा आणि हे यात फरक आहे. लाजरा माणूस थोड्या वेळाने मोकळा होतो, मी तर प्रसंग संपल्यावरही रात्रभर तोच उगाळत बसायचे. तिथल्या थेरपीत एकदा माझं बोलणं रेकॉर्ड केलं. बघण्याआधी लिहायला लावलं की मी कशी दिसले असेन. मी लिहिलं, चेहरा लाल, आवाज थरथरतोय, हात कापतायत. व्हिडिओत एक मुलगी बोलत होती. जरा भरभर बोलत होती, एवढंच. मी तो चार वेळा बघितला.

मग गृहपाठ होते. दुकानात भाव विचारून काही न घेता बाहेर यायचं. रांगेत पुढच्याला वेळ विचारायची. वाक्य न घोकता बोलायचं, आणि बोलताना आपला आवाज कसा येतोय हे न तपासता समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये एक "नही" मुद्दाम बोलले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

औषध मी सहा-सात महिने घेतलं, एस्सिटालोप्राम. आता नाही.

---

केळीबाग (रावेर)

पोरी, तुझं वाचून माझ्या भाचीची आठवण झाली. ती नववीत आहे आणि वर्गात हजेरी द्यायलाही उभी राहत नाही. बाई म्हणतात उद्धट आहे. उद्याच फोन करते तिच्या आईला.

---

नाना_अमळनेर

काल मी लिहिलं त्यानंतर रात्री झोप लागली नाही, म्हणून परत लिहितो.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात विहीर खोदायच्या कामावर होते. सुरुंगानंतर दरड ढासळली आणि त्यांचा सोबती त्यांच्या डोळ्यांसमोर गाडला गेला. मी तेव्हा वयात आलेला पोरगा होतो. त्यानंतर वडील कुठल्याच विहिरीच्या काठाला गेले नाहीत. स्वतःच्या शेतातल्या विहिरीलाही नाही, मोट आम्ही हाकायचो. दिवाळीत फटाका वाजला की ओसरीवरून उठून आत, अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचे. रात्री ओरडत उठायचे. लोक म्हणाले, विहिरीतलं काहीतरी लागलं. भगत झाला, कोंबडं झालं, गंडे झाले. आम्ही भाऊ त्यांना भित्रा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. १९९१ ला गेले ते.

आमच्या वेळी हे नव्हतं, असं मी काल लिहिलं. ते खरं नाही.

---

मनोविकार_ओपीडी (धुळे)

नाना, तुमच्या वडिलांना त्या काळी मदत मिळणं कठीणच होतं. जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतरच्या या त्रासाला पीटीएसडी हे नाव अधिकृत वर्गीकरणात मिळालं तेच १९८० साली. बराच काळ तो चिंतेच्या आजारांतच मोजत. २०१३ पासून अमेरिकी वर्गीकरणात त्याला आणि मंत्रचळाला, म्हणजे ओसीडीला, वेगळी प्रकरणं आहेत, पण उपचारांचं नातं जवळचं आहे. आज असा माणूस ओपीडीत आला तर त्याला पुष्कळ देता येतं. तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

सगळं पटलं, पण जायचं कुठे? आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येरवड्याचं मनोरुग्णालयच येतं. गावात गाडी दिसली की बातमी फुटते. आणि मानसशास्त्रज्ञ तर शोधून सापडत नाही.

---

तापीकाठ (यावल तालुका)

भाऊ, मला जे कामाला आलं ते लिहितो. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं वेगळ्या कामासाठी आहेत. आपल्या या त्रासात सहसा भरती व्हावंच लागत नाही, ओपीडीवर भागतं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहाद्याहून नंदुरबार जवळ पडेल. निघण्याआधी मानसोपचार ओपीडीचा वार आणि वेळ फोनवर विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जात नाही.

घरातून बाहेरच पडवत नसेल तर १४४१६, टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. मी स्वतः एकदा रात्री दीडला लावला होता. पलीकडच्या मुलीने वीस मिनिटं घाई न करता ऐकलं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तरीही हाच नंबर चालतो.

मानसशास्त्रज्ञ निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते सरळ विचारा, त्यांना राग येत नाही. माझ्या पहिल्या चार भेटी समोरासमोर झाल्या, बाकीच्या व्हिडिओ कॉलवर, त्याही चालल्या. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपनीला मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं लागतं. मात्र ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही, तेवढं आधी बघून घ्या.

---

दालमिल_गल्ली (जळगाव)

तीन आठवड्यांनी लिहितोय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, कपाटातली पाकिटं मीच मोजायचे." दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. दुसरी गोळी सुरू केली आहे आणि अल्प्राझोलम कमी करायचा तक्ता फ्रिजवर चिकटवलाय, एकूण पाच महिन्यांचा. पहिली पायरी उतरलो. दोन रात्री वाईट गेल्या, तिसरी बरी.

तापीकाठ सर, तुमच्या वहीचे रकाने जसेच्या तसे मिळतील का? डॉक्टर म्हणाले, तुम्हीही लिहायला सुरुवात करा.

---

तापीकाठ (यावल तालुका)

घ्या. तारीख. काय केलं. निघताना भीती किती. सगळ्यात जास्त किती झाली. ओसरायला किती मिनिटं लागली. सोबत काय नेलं (बाटली, गोळी, माणूस), म्हणजे हळूहळू ते रिकामं होताना दिसतं.

शेवटचा रकाना मी मागाहून वाढवला होता, त्या दिवशी बाहेर काय दिसलं. पहिली तीन पानं तिथे काहीच नाही. मग बारीक अक्षरात सुरू होतं. "बामणोदजवळ केळीचे घड भरायला ट्रक उभा." "पुलावर वारा." "पात्रात म्हशी, सात की आठ."

सहकाऱ्याचा भाऊ कालपासून स्टँडवर बसायला लागलाय. त्याने पहिल्या दिवशी ७० लिहिलेत. उद्या संध्याकाळी शाळा सुटली की मी तिथे जाणार आहे, पण त्याच्या शेजारी बसणार नाही, समोरच्या बाकावर बसेन.